हरणाऱ्या संघाने हुकमी खेळाडू सोडावा का?

संघ सतत हरत असला की चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘मोठ्या खेळाडूला मोकळे करा, त्या पैशात चार तरुण घ्या आणि संघ पहिल्यापासून बांधा.’ दुसरा म्हणतो, ‘आहे तो एकच चांगला खेळाडू, तोही सोडला तर उरणार काय?’ जगभरातल्या व्यावसायिक खेळांत हा वाद दरवर्षी होतो. महाराष्ट्रात त्याची सर्वांत स्पष्ट उदाहरणे प्रो कबड्डी लीगमध्ये सापडतात. पुणेरी पलटण आणि यू मुम्बा या आपल्या दोन्ही संघांनी हा निर्णय वेगवेगळ्या वेळी घेतला आहे. त्याचे फळही दोघांनी पाहिले आहे आणि फटकाही सोसला आहे.

हा प्रश्न आला कुठून?

अमेरिका आणि कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीत, नवे तरुण खेळाडू लिलावातून येत नाहीत. दरवर्षी त्यांची निवड होते आणि तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आधीच्या हंगामात मागे राहिलेल्या संघांना निवडीत पुढचा क्रमांक मिळतो. अगदी वरचे क्रमांक सोडतीने ठरतात, पण तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. अशा क्रमांकावर एखादा असामान्य मुलगा हाती लागतो. मग त्याला ठेवून भोवती संघ बांधायचा, की त्याच्या बदल्यात दुसऱ्या संघाकडून तीन-चार तयार खेळाडू घ्यायचे, असा प्रश्न उभा राहतो.

दोन्ही वाटांची उदाहरणे आहेत. कॅनडातल्या क्युबेक नॉर्डिक्स संघाने १९९१ मध्ये एरिक लिंड्रॉस या खेळाडूला पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याने त्या संघाकडून खेळायला नकार दिला. १९९२ मध्ये क्युबेकने त्याला फिलाडेल्फियाला दिले आणि बदल्यात अनेक खेळाडू, पुढच्या निवडीचे क्रमांक आणि रोख रक्कम घेतली. आलेल्या खेळाडूंत पुढे मोठा झालेला पीटर फोर्सबर्ग होता. हा संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला हलला आणि १९९६ मध्ये कोलोरॅडो अॅव्हलांच या नावाने विजेता ठरला.

एडमंटन ऑइलर्सला २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षे पहिली निवड मिळाली. तरीही २०१६ पर्यंत सलग दहा हंगाम तो संघ बाद फेरीबाहेर राहिला. पहिला क्रमांक हाती आला म्हणजे संघ उभा राहिला, असे होत नाही.

आपल्याकडे ड्राफ्ट नाही, लिलाव आहे

भारतातल्या बहुतेक लीगमध्ये खेळाडू लिलावातून येतात. हॉकी इंडिया लीग, आयपीएल आणि प्रो कबड्डी या तिन्ही ठिकाणी मुख्य पद्धत तीच आहे. त्यामुळे इथे ‘पहिली निवड विकायची का’ या प्रश्नाचे रूप बदलते. ‘महागडा हुकमी खेळाडू कायम ठेवायचा, की लिलावात सोडून पैसे मोकळे करायचे’ असा तो विचारला जातो.

प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खर्चाची ठरावीक मर्यादा असते. दहाव्या हंगामापासून ती ४ कोटी ४० लाखांवरून ५ कोटी रुपये झाली. एवढ्यात १८ ते २५ जणांचा संघ उभा करायचा असतो. लिलावाआधी संघ काही खेळाडू कायम ठेवतो आणि बाकीचे सोडतो. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने शेवटची बोली लावली, तरी जुन्या संघाला तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याची संधी असते. तिला ‘फायनल बिड मॅच’ म्हणतात आणि ती मोजक्याच वेळा वापरता येते.

याशिवाय लिलावाबाहेरून तरुण खेळाडू घेण्याची सोय आहे. ‘न्यू यंग प्लेअर’ या गटातली मुले कमी पैशात संघात येतात आणि पुढचे काही हंगाम कायम ठेवता येतात. नव्याने बांधणी करणाऱ्या संघाचे खरे भांडवल हीच मुले असतात.

कबड्डीत एका खेळाडूचे वजन किती?

मैदानावर सात जण असतात, पण चढाई एका वेळी एकच जण करतो. त्यामुळे उत्तम चढाईपटू एकट्याच्या बळावर सामना फिरवू शकतो. क्रिकेटमध्ये एक फलंदाज बाद झाला तर दहा उरतात. कबड्डीत मात्र हुकमी चढाईपटू सतत चढाया करत राहतो आणि प्रत्येक चढाईत गुण आणू शकतो.

अडचण नियमातच आहे. चढाईपटूची पकड झाली की तो बाहेर बसतो. त्याच्या संघाने समोरचा कोणी बाद केल्याशिवाय तो आत येत नाही. नुसत्या बोनस गुणाने तो परत येत नाही. म्हणून मोठा चढाईपटू बाहेर असताना त्याला आत आणायला दुसरा आणि तिसरा चढाईपटू लागतो, आणि पकड करणारा बचावही लागतो. ते नसतील तर दोन-तीन मिनिटांत संघावर लोण चढतो, म्हणजे सगळे बाद होतात आणि समोरच्याला दोन जादा गुण मिळतात.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. ५ कोटींतले अडीच कोटी एकावर घातले, तर उरलेल्या सतरा-अठरा जणांसाठी अडीच कोटीच राहतात. जो खेळाडू बाहेर बसल्यावर सोबत्यांची गरज पडते, त्याच्याच किमतीमुळे चांगले सोबती घेणे अवघड होते.

यू मुम्बा: सिद्धार्थ देसाईला सोडले, तरीही टिकले

यू मुम्बा हा पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठणारा संघ. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली २०१५ मध्ये त्याने विजेतेपदही मिळवले. पुढे हा जुना संच विखुरला. २०१८ च्या सहाव्या हंगामात मुंबईने कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई हा नवा चढाईपटू ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले.

पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. मुंबईने तेवढी किंमत दिली नाही. चाहत्यांना ते पटले नव्हते. सिद्धार्थने नव्या संघातही आपले काम चोख केले आणि सातव्या हंगामात चढाईचे २१७ गुण मिळवले. तरीही टायटन्स बारा संघांत अकरावे आले. मुंबईकडे इराणचा कोपरारक्षक फजल अत्राचली आणि भक्कम बचाव होता, तर चढाई दोघा-तिघांत वाटली गेली होती. हा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि बंगाल वॉरियर्सकडून अवघ्या दोन गुणांनी, ३५-३७ असा हरला.

खेळाडू तोच होता आणि त्याचे गुणही जवळपास तेवढेच होते. संघ बदलल्यावर मात्र त्या गुणांचा परिणाम बदलला.

पाटणा: विक्रमवीर गेला, संघ अव्वल आला

याहून ठळक उदाहरण पाटणा पायरेट्सचे आहे. प्रदीप नरवालच्या काळात पाटण्याने तिसरा, चौथा आणि पाचवा असे सलग तीन हंगाम जिंकले. पाचव्या हंगामात एकट्या प्रदीपने चढाईचे ३६९ गुण मिळवले. पण सातव्या हंगामात त्याने तीनशेहून अधिक गुण मिळवूनही पाटणा आठव्या स्थानावर राहिला. बचाव कमकुवत होता आणि दुसरा चढाईपटू नव्हता.

२०२१ च्या लिलावात पाटण्याने प्रदीपला जाऊ दिले. उत्तर प्रदेशच्या यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतले. त्या वेळची ती सर्वाधिक बोली होती. पाटण्याने पैसा वाटून खर्च केला. चढाईत कोणी एक राजा ठेवला नाही आणि बचावात इराणचा तरुण कोपरारक्षक मोहम्मदरझा शादलू ३१ लाखांना घेतला. आठव्या हंगामात पाटणा गुणतालिकेत पहिला आला. उपांत्य फेरीत प्रदीपच्याच संघाला ३८-२७ असे हरवून तो अंतिम सामन्यात पोचला आणि दबंग दिल्लीकडून एका गुणाने हरला.

यूपी योद्धाही उपांत्य फेरीपर्यंत आला होता, म्हणजे प्रदीपला घेणे चूक होते असे म्हणता येत नाही. पण पाटण्याने त्याला सोडले ते हताश होऊन नव्हे. सुटलेला पैसा नेमक्या कमकुवत जागी गेला, म्हणून तो निर्णय फळला.

पुणेरी पलटण: दहा हंगामांची वाट

पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला होती. तिसऱ्या हंगामात अनुभवी मनजीत छिल्लर आला आणि सलग दोनदा तिसरे स्थान मिळाले. तो गेल्यावर दीपक हुडाने नेतृत्व केले. त्यानंतर नितीन तोमरसाठी १ कोटी १५ लाख मोजले गेले. नावे मोठी होती, पण अंतिम फेरी दूरच राहिली. सातव्या हंगामात संघ दहाव्या स्थानावर होता.

आठव्या हंगामात नितीन तोमर आणि राहुल चौधरी अशी दोन गाजलेली नावे संघात होती. सुरुवात वाईट झाली. मग प्रशिक्षक अनुप कुमार यांनी तरुणांवर भिस्त ठेवली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत ही दोन्ही मुले मोठ्या बोलीने आलेली नव्हती, तरुण गटातून घेतलेली होती. त्यांच्या जोरावर पुण्याने बाद फेरी गाठली. नाशिकचा आकाश शिंदे, मुंबईचा पंकज मोहिते, बचावात संकेत सावंत, गौरव खत्री आणि अभिनेष नादराजन असा संच जमत गेला. या सगळ्यामागे ‘युवा पलटण’ हा पुण्याचा तरुण संघ होता. तिथे मुले तयार करायची, त्यांना सामने खेळवायचे आणि मग मुख्य संघात आणायचे, अशी पद्धत होती.

नवव्या हंगामात प्रशिक्षक बी. सी. रमेश आले आणि तयार पायावर अनुभव चढवला गेला. फजल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना घेतले. पुणे पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचले. पण अस्लम आणि मोहित दुखापतीमुळे तो सामना खेळू शकले नाहीत आणि जयपूरने पुण्याला ३३-२९ असे हरवले.

इथे पुन्हा तोच प्रश्न आला. उपविजेत्या संघाने आपला कर्णधार फजल याला सोडले आणि त्याच जागी वयाने लहान असलेल्या शादलूसाठी २ कोटी ३५ लाख दिले. ५ कोटींच्या मर्यादेतला हा ४७ टक्के हिस्सा होता. एरवी ही उधळपट्टी ठरली असती. इथे ती परवडली, कारण बाकीचा संघ स्वतःच घडवलेला आणि स्वस्त होता. दहाव्या हंगामात अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्याने २२ पैकी १७ सामने जिंकले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले.

आणि उलट बाजू

गोष्ट इथे संपली असती तर धडा सोपा होता. विजेतेपदानंतर पुण्याने शादलूला सोडले. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. हरियाणाचा संघही प्रशिक्षक मनप्रीत सिंग यांनी तरुणांतून बांधलेला होता. त्यात महाराष्ट्राचा चढाईपटू शिवम पठारे होता. एका उत्तम बचावपटूची भर पडली आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातल्याच बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून पहिले विजेतेपद घेतले. त्याच हंगामात गतविजेत्या पुण्याला बाद फेरीही गाठता आली नाही. अस्लमची दुखापत हे त्याचे एक मोठे कारण होते. पण शादलूची जागाही भरून निघाली नव्हती.

तरीही पुण्याने संच मोडला नाही. बाराव्या हंगामात अजय ठाकूर प्रशिक्षक झाले, अस्लम परतला, संघ साखळीत पहिला आला आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडून २८-३१ असा हरला. मोठा खेळाडू गेल्यावर एक हंगाम बुडाला, पण पाया शाबूत असल्याने पुढच्याच वर्षी संघ वर आला.

याच्या नेमके विरुद्ध चित्र तेलुगू टायटन्सचे. दहाव्या हंगामात त्यांनी पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा. पवन उत्तम खेळला, पण त्याच्यामागे संघ नव्हता आणि टायटन्स शेवटच्या स्थानावर राहिले.

त्याआधीच्या हंगामात हाच पवन २ कोटी २६ लाखांना तमिळ थलैवाज संघात गेला होता आणि पहिल्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर बसला. तिथे नरेंदर कंडोला या नवख्या मुलाने चढाईचा भार उचलला आणि थलैवाज प्रथमच उपांत्य फेरीत गेले. तिथे पुण्यानेच त्यांना ३९-३७ असे रोखले.

या उदाहरणांतून काय दिसते?

ठेवावे की सोडावे, याला एकच उत्तर नाही. पण क्रमाला महत्त्व आहे. पुणे आणि हरियाणा दोघांनीही आधी पाया घातला आणि मग महागडा खेळाडू आणला, म्हणून त्या खेळाडूने संघाला जिंकून दिले. टायटन्सने आधी महागडा खेळाडू आणला आणि पाया घालायला पैसाच उरला नाही. म्हणून निर्णयाआधी चार गोष्टी तपासाव्या लागतात.

- त्याच्याशिवाय संघ किती गुण मिळवतो? तो बाहेर बसलेला असताना लोण चढत असेल, तर खरा दोष दुसऱ्या फळीत आहे. तो सोडून तो दोष जात नाही, सुटलेला पैसा तिथे घातला तरच जातो.
- वय आणि दुखापती काय सांगतात? कबड्डीत गुडघा, घोटा आणि खांदा यांच्यावर फार ताण येतो. बांधणीला तीन वर्षे लागणार असतील, तर तीन वर्षांनी हा खेळाडू कुठे असेल, हे आधी पाहावे.
- बदल्यात नेमके काय मिळणार? पाटण्याला प्रदीपच्या बदल्यात पूर्ण बचाव उभा करता आला. बदल्यात नुसते शिल्लक पैसे राहणार असतील, तर तो सौदा तोट्याचा.
- तरुण तयार करण्याची सोय आहे का? सराव, सामने आणि प्रशिक्षक यांची सोय नसताना ‘नव्याने बांधणी’ म्हणजे फक्त स्वस्त संघ.

पाचवी गोष्ट आकड्यांत मावत नाही. बांधणीच्या काळात संघ हरतो. प्रेक्षक रोडावतात, मालक अस्वस्थ होतात आणि प्रशिक्षक बदलला जातो. त्या काळात खेळणाऱ्या मुलांच्या वाट्याला पराभवच येतात. प्रशिक्षकासोबत पद्धतही बदलली, तर ती तीन वर्षे वाया जातात. पुण्यात अनुप कुमार, बी. सी. रमेश आणि अजय ठाकूर असे प्रशिक्षक बदलले, पण तरुणांना पुढे आणण्याची पद्धत टिकली.

गावच्या संघाला याचा उपयोग काय?

माळशिरस तालुक्यातले श्रीपूर घ्या किंवा असे कोणतेही कारखान्याचे गाव घ्या. समजा, गावच्या मंडळाचा संघ स्पर्धांमधून पहिल्या फेरीत बाहेर पडतो आहे. हाताशी एकच दमदार चढाईपटू आहे आणि शहरातला मोठा संघ त्याला बोलावतो आहे. इथे लिलाव नाही आणि बोलीही नाही, पण पेच तोच आहे.

मुलाच्या दृष्टीने उत्तर बहुधा ‘जाऊ द्या’ असेच असते. मोठ्या संघात त्याला चांगला सराव मिळतो, निवड समितीच्या नजरेस पडता येते आणि खेळाडू कोट्यातून नोकरीची वाट खुली होऊ शकते. हुंदळेवाडीचा सिद्धार्थ किंवा टाकळीभानचा अस्लम गावातच राहिले असते, तर महाराष्ट्राला ठाऊक झाले नसते. अस्लम आणि आकाश शिंदे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते.

मंडळाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. बाहेरून एक-दोन तयार खेळाडू आणून एखादी स्पर्धा जिंकता येते, पण ते गेले की संघ पुन्हा जागच्या जागी येतो. त्याऐवजी सोळा-सतरा वर्षांची दहा मुले रोज संध्याकाळी मैदानावर येत राहिली, वजनी गटाच्या सामन्यांत खेळत राहिली, तर दोन-तीन वर्षांत एक खेळाडू गेल्याने संघ बसत नाही. मोठा खेळाडू बाहेर पडला त्या दिवशी त्याच्या जागी उभे राहायला कोणी आहे का, एवढे पाहिले तरी आपला संघ कुठे आहे ते कळते.